सलोखा कोणाच्या खर्चाने?

वाचकहो, दोन भाऊ वैर सोडून पुन्हा एका पंक्तीस बसले, तर कोणाला आनंद होणार नाही? स्तोत्रकर्त्यानेही बंधूंच्या ऐक्याची थोरवी गाइली आहे. आम्ही हे मालवण किनाऱ्यावरील तोंडवली गावाहून लिहीत आहोत, आणि ह्या मुलखात भाऊबंदकी इतकी जुनी व चिवट आहे की, एखादे घर कोर्टाचा जिना न चढता एक झाले म्हणजे सारा गाव पंचांची वाहवा करितो. परंतु ह्या आनंदात एक मनुष्य पुष्कळदा कोणाच्या ध्यानात राहत नाही. वादातली जमीन जो कसतो तो कूळ. भाऊ भांडत असतात तोवर दोघेही त्यास आपल्या बाजूस ओढतात, साक्षीस नेतात, गोड बोलतात. भाऊ एक झाले की तडजोडीच्या कागदावर पुष्कळदा पहिलीच गोष्ट ठरते ती ही की, अमुक तुकडा कुळाकडून काढून घ्यावा. सलोखा झाला हे खरे, पण पैसा गेला तो तिसऱ्याच्या कनवटीचा.

असा सलोखा धर्म्य म्हणावा काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. घरगुती दाखल्यावर मन लवकर रागावते किंवा लवकर थंड होते. म्हणून आम्ही एका मोठ्या राष्ट्राचा दाखला घेतो. तो दूरचा दिसेल, परंतु तितका दूरचा नाही हे पुढे कळून येईल.

अमेरिकेतील संस्थानांत दासांच्या प्रश्नावरून यादवी माजली ती १८६१ साली. १८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन अध्यक्ष निवडून आले. दासपद्धती नव्या प्रांतांत पसरू द्यावयाची नाही हा त्यांच्या पक्षाचा निश्चय होता. दक्षिणेकडील संस्थाने एकामागून एक फुटून निघाली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटर ह्या किल्ल्यावर पहिला तोफगोळा पडला. ही लढाई दासांकरिता नव्हती, संस्थानांच्या हक्काकरिता होती, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. परंतु मिसिसिपी संस्थानाने फुटतेवेळी जो जाहीरनामा काढला, त्यात आपले सर्व हित दासपद्धतीशी निगडित आहे असे त्याने स्वतःच सांगितले आहे. उत्तरेने आरंभी केवळ राष्ट्र एक राखण्याकरिता शस्त्र धरिले हेही तितकेच खरे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मुक्तीचे फर्मान अमलात आणिले, तेव्हा लढाईला तिचे खरे नाव मिळाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि पाच दिवसांनी लिंकन यांस गोळी लागली. मेलेल्या शिपायांची संख्या पूर्वी ६ लक्ष २० हजार धरीत. अलीकडील अभ्यासक ती साडेसात लक्षांपर्यंत नेतात. दास होते सुमारे ४० लक्ष. ते त्या वर्षाच्या अखेरीस कायद्याने मुक्त झाले.

ह्या लढाईचा आमच्या मुंबईशी जो संबंध आला तो फारसा गौरवाचा नाही, म्हणून तो सांगितलाच पाहिजे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, इंग्लंडच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड, खानदेश व गुजराथ येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅक बे येथे समुद्र हटविण्याकरिता काढिलेल्या कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाला ५०,००० च्या घरात किंमत आली. लढाई लांबावी, अशी त्या शहरातील किती व्यापाऱ्यांची मनोमन प्रार्थना असेल कोण जाणे! ली शरण आल्याची वार्ता पोहोचली तेव्हा जेथे एक लोकसमूह दास्यातून सुटल्याचा हर्ष व्हावयाचा, तेथे सुतक पडले. पेढ्या बुडाल्या, १८६५ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात शेटसावकार दिवाळखोर झाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला, ते ह्याच कापसाच्या तेजीचे धनी. उलटपक्षी लँकेशायरच्या गिरणीकामगारांच्या चुली त्याच कापसाविना विझल्या होत्या. आणि तरीही मँचेस्टर शहरातील कामगारांनी १८६२ च्या ३१ डिसेंबरास सभा भरवून लिंकन यांस पाठिंब्याचे पत्र धाडिले. सर्वच कामगार त्या मताचे नव्हते. परंतु ज्यांच्या पोटावर पाय आला होता त्यांच्यापैकी काहींनी दासांची बाजू घ्यावी, आणि ज्यांच्या तिजोऱ्या भरत होत्या त्यांना तो दास आठवूही नये, ह्या गोष्टीने आमचे मन अस्वस्थ होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. लढाई संपल्यावर काय झाले?

पहिली बारा वर्षे पुष्कळ चांगले घडले. १८६५ ची तेरावी दुरुस्ती दासपद्धती बंद करणारी, १८६८ ची चौदावी नागरिकत्व देणारी, १८७० ची पंधरावी मताचा हक्क राखणारी. मुक्त झालेल्यांसाठी सरकारने एक खाते काढिले. शाळा निघाल्या, व म्हातारी माणसे नातवांच्या शेजारी बसून अक्षरे गिरवू लागली. १८७० साली हायरम रेव्हेल्स नावाचा एक कृष्णवर्णी पाळक मिसिसिपी संस्थानातून सिनेटात जाऊन बसला. ज्या संस्थानाने दासपद्धतीकरिता राष्ट्र फोडिले, त्याच संस्थानातून!

परंतु एक गोष्ट द्यावयाची राहिली. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन याने हुकूम काढून समुद्रकाठची जमीन मुक्त कुटुंबांस ४० एकरांपर्यंत वाटून देण्याचे ठरविले होते, आणि हजारो कुटुंबे तीवर नांगर धरून बसलीही होती. लिंकन यांच्यामागून आलेले अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या मालकांस माफी दिली, आणि माफीबरोबर जमीनही परत केली. कसणारे उठविले गेले. मग पोटासाठी त्यांनी त्याच मालकांची शेते वाट्याने धरिली. बी मालकाचे, बैल मालकाचा, उधारीचे दुकानही बहुधा मालकाचेच, आणि वर्षअखेर हिशेबात कसणाराच देणेकरी.

येथे तोंडवलीस व तळाशीलास रापण लागते तेव्हा ही गोष्ट आम्हांस नीट समजते. दोर ओढावयास वाळूवर लहानथोर सारे लागतात. मासळी पडली की वाटे होतात; जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि हातांचा वाटा. ज्याचे जाळ्यात काही नाही त्यास केवळ ओढल्याचे मिळते. अमेरिकेच्या मुक्त दासास हात मोकळे मिळाले, जाळे मिळाले नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दासाला सोडताना त्यास रिकामा धाडू नये, कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्यास उदार हाताने द्यावे, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मोशेच्या शास्त्राला जे ठाऊक होते, ते वॉशिंग्टनच्या शास्त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही; कारण शास्त्र त्यांच्या प्रत्येकाच्या टेबलावर होते.

आणि मग १८७७ साल उजाडले. आदल्या वर्षीची अध्यक्षाची निवडणूक वादात सापडली होती. उत्तरेचा उमेदवार हेज यास गादी मिळाली, आणि दक्षिणेत उरलेल्या राष्ट्रीय फौजेचा पाठिंबा काढून घेण्यात आला. दोन्ही बाजूंस लढाईचा वीट आला होता, व्यापाराला शांतता हवी होती, भावाला भाऊ हवा होता. सलोखा झाला. परंतु ती फौज ज्यांच्या मताचे व जिवाचे रक्षण करीत होती, त्यांस ह्या सलोख्यात कोणी विचारिले नाही. पुढे मिसिसिपीने १८९० च्या घटनेत मतावर कर व वाचनाची परीक्षा बसवून त्यांचे मत हिरावून घेतले, आणि इतर संस्थानांनी तोच कित्ता गिरविला. १८९६ साली वरिष्ठ न्यायालयाने आगगाडीतील वेगळे डबे कायदेशीर ठरविले. जमाव माणसांस धरून झाडांना टांगीत, आणि त्या अपराधाची शिक्षा क्वचितच कोणास होई. शाळांतील वेगळेपणा बेकायदा ठरावयास १९५४ साल, आणि मताचा हक्क खऱ्या अर्थाने हाती यावयास १९६५ साल यावे लागले.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात हीच कथा आहे, व आम्हांस वाटते की ती आमच्या मंडळ्यांत फारच क्वचित वाचली जाते. यरुशलेमेला वेढा पडला असता सिद्कीया राजाने व सरदारांनी करार करून आपले इब्री दास सोडून दिले. वेढा थोडा सैल झाला. मग त्यांचे मन फिरले, आणि सोडलेल्यांस त्यांनी पुन्हा ओढून आणिले. संदेष्ट्याचा कोप दास ठेविल्याबद्दल जितका दिसतो, त्याहून सोडून पुन्हा धरिल्याबद्दल अधिक दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. १८७३ साली, म्हणजे अमेरिकेतील त्या चांगल्या बारा वर्षांच्या मध्यात, पुण्याचे जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सज्जन लोकांस अर्पण केले. त्यांनी दासांच्या मुक्तीकरिता जो निःस्वार्थ त्याग केला त्याचा कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीकरिता घ्यावा, ही त्या अर्पणामागील इच्छा. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट आपली म्हणून वाचण्याचा अभ्यास त्यांस होता. चारच वर्षांनी त्या सज्जन लोकांनी हात काढून घेतला. मग जोतीरावांची स्तुती वाया गेली काय? आमच्या मते नाही. त्यांनी स्तुती केली ती दास सोडणाऱ्या हातांची. आणि साडेतीन लक्षांवर उत्तरेचे शिपाई मेले, त्यांचे मरण १८७७ च्या समेटाने खोटे ठरत नाही. परंतु कित्ता घ्यावयाचा तर त्याचे शेवटचे पानही वाचावे लागते, आणि ते पान १८७३ साली लिहिलेले नव्हते.

आमच्या देशात दास्य लढाईवाचून गेले असे म्हणतात. पेशवाईत कुणबिणी व बटकी ह्यांची खरेदीविक्री होत असे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरील मालकी ओळखण्याचे सोडिले, आणि १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने माणसाचा क्रयविक्रय गुन्हा ठरला. तोफ उडाली नाही, घर जळले नाही. हे आम्ही देवाचे उपकारच समजतो. परंतु त्यामुळे एक उणीव राहून गेली. कोणाला बाजू घ्यावीच लागली नाही. बेडी निःशब्द गळाली, म्हणून ती होती हेही आम्ही निःशब्द विसरलो. आणि जे नावाने दास नव्हते, त्यांचे काय? महार वतनदारास गावचे व सरकारचे काम रात्रंदिवस करावे लागे, आणि मोबदला म्हणून थोडीशी इनाम जमीन व बलुत्याची भाकर. त्या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणिले. वतने खालसा करणारा कायदा व्हावयास १९५८ उजाडले. आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीविरुद्धही त्यांनीच १९३७ च्या सप्टेंबरात बिल मांडिले, आणि ती कायद्याने गेली १९४९ साली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत त्यांनी जो इशारा दिला, की राजकारणात समता आणि समाजात व संसारात विषमता असे दुहेरी जीवन फार काळ टिकावयाचे नाही, तो अमेरिकेच्या इतिहासाचे शेवटचे पान वाचलेल्या मनुष्याचा इशारा होता. ते स्वतः न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले होते. आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून ह्या दोन्ही लोकांच्या स्थितीतील साम्य बोलून दाखविले होते.

जाता जाता आमच्या मिशनांच्या इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडीत असे, आणि सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी पुष्कळांस नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत वाढविले. तेथे ती लिहिणेवाचणे शिकली, आणि सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही शिकली. डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मध्यभागी मरण पावले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनावेळी प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. १८७४ साली तो त्यांच्या देहाबरोबर इंग्लंडास गेला. पुढील साली मोंबासाजवळ मुक्तांकरिता फ्रिअर टाउन वसले, तेव्हा नाशिकची माणसे तेथे कामास गेली. शरणपूरची व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु सोडलेल्यास रिकामा धाडू नये ही आज्ञा तेथे कोणी तरी वाचली होती.

ख्रिस्ती मंडळीने मात्र अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी ती वाचली नाही. राष्ट्र फुटण्याआधी मंडळ्याच फुटल्या. मेथडिस्ट १८४४ साली, बाप्तिस्ट १८४५ साली. पौलाने अनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठविले, एवढाच अर्धा धडा दक्षिणेचे उपदेशक वाचून दाखवीत. त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घ्यावे, हे उरलेले अर्धे पत्र त्यांच्या गळ्यात अडके. आणि केवळ दक्षिणेसच दोष देऊन चालावयाचे नाही. ज्या बॉस्टनच्या बोर्डाने मुंबईस व अहमदनगरास मिशनरी पाठविले, त्या बोर्डावरही दास बाळगणाऱ्यांचा पैसा घेतल्याचा आक्षेप होता, व त्यास कंटाळून काहींनी १८४६ साली वेगळी सोसायटी काढिली. आपण ज्यांच्याकडून दीपक घेतला, त्यांच्याही हातांवर काजळी होती.

परंतु आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा दाखला १९३९ चा आहे. उत्तर व दक्षिण मेथडिस्ट त्या साली पुन्हा एक झाले. किती सुंदर वार्ता! तथापि दक्षिणेची अट अशी होती की, कृष्णवर्णी मंडळ्यांस प्रदेशाप्रमाणे इतरांत न घेता त्या सर्वांचा एक निराळा विभाग करावा. उत्तरेने ती मान्य केली. १९३६ साली उत्तरेच्या महासभेत ही योजना मतास पडली, तेव्हा बहुतेक कृष्णवर्णी प्रतिनिधींनी तिच्याविरुद्ध मत दिले होते. आणि योजना संमत होऊन सभा उभी राहून सियोनेकडे जाण्याचे गीत गाऊ लागली तेव्हा ते बसून राहिले, व त्यांच्यापैकी काही रडत होते. तो निराळा विभाग मोडावयास १९६८ साल लागले.

आता एक आक्षेप आम्हांस स्पष्ट दिसतो, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तुम्ही पाळक असून वैर उकरून काढिता काय? क्षमा करा असे शिकविणारे तुम्ही. झाले गेले गंगेला मिळाले म्हणून भावाने भावाला पोटाशी धरिले, तर त्यात वाईट काय?

उत्तर असे. क्षमा ही ज्याचा अपराध झाला त्याने करावयाची असते. दक्षिणेने दोन अपराध केले होते. एक राष्ट्र फोडिल्याचा. तो उत्तरेचा अपराध होता, आणि तो उत्तरेने खुशाल सोडावा, सोडिला हे उत्तमच झाले. पराभूत सेनापतीस फाशी न देता घरी जाऊ दिले, ह्यात आम्हांस ख्रिस्ती औदार्य दिसते. परंतु दुसरा अपराध ४० लक्ष माणसांचा होता, आणि तो सोडून देण्याचा अधिकार वॉशिंग्टनमधील कोणासही नव्हता. आपले येणे माणूस सोडू शकतो. शेजाऱ्याचे येणे सोडून देणे ह्याला औदार्य म्हणत नाहीत. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः दास्यातून पळून आलेला वक्ता १८७८ साली न्यूयॉर्कच्या सभेत हेच सांगत होता, की दोन्ही बाजूंच्या मृतांना फुले वाहण्याची भावना थोर खरी, परंतु त्या लढाईत एक बाजू न्यायाची होती व एक अन्यायाची, हे विसरू नका. लोकांस ते ऐकावयाचे नव्हते. आणि जक्कयाची कथा पाहा. प्रभू त्याच्या घरी जेवावयास गेला, ही कृपा आधी आली खरी. परंतु त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे बोल निघाले ते जक्कयाने ज्यांचे लुबाडले त्यांस चौपट परत करीन म्हटल्यावर. प्रभूने ते चौपट त्या बुडालेल्यांच्या वतीने आपणच माफ करून टाकिले नाही.

कोणी असेही म्हणेल की, तिसऱ्याचा हिशेब पुरा होईपर्यंत थांबावयाचे तर सलोखा कधीच व्हावयाचा नाही. हा आक्षेप आम्हांस अधिक अवघड वाटतो. सर्व अन्याय फेडून मगच हात मिळवावयाचा, असा नियम केला तर जगात कोणी कोणाशी बोलणार नाही. लिंकन यांनीही मृत्यूच्या महिनाभर आधी द्वेष सोडून जखमा बांधण्याचेच आवाहन केले होते. आम्ही पुरी फेड मागत नाही. आम्ही इतकेच मागतो की, ज्याच्या तोंडचे काढून दोघांचे ताट भरावयाचे, तो त्या बैठकीत हजर असावा, आणि तो नाही म्हणाला तर ते नाही ऐकले जावे. १८६५, १८७७, १९३९, ह्या तिन्ही वेळी जी अडचण सांगितली गेली ती वेळेची व शांततेची. आणि तिन्ही वेळी ज्याला विचारिले नाही तो एकच होता.

आता आमच्या खेड्यांतील वडील जनांस एक विनंती. १९४८ चा कूळकायदा आहे, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन म्हणून कागदोपत्री नोंदला गेला आहे. तरी नावाविना कसणारी घरे अजून सापडतात. तुम्हांस पंच म्हणून कोणी बोलाविले, तर बसण्यापूर्वी सातबाराचा उतारा मागवा, आणि ती जमीन प्रत्यक्ष कोण कसतो हे शेजाऱ्यास विचारा. त्या मनुष्यास बोलावणे धाडा. तो दाराशी उभा राहील, कारण त्याला तशी सवय आहे. त्यास आत बसावयास सांगा, आणि त्याचे म्हणणे होईपर्यंत भावांच्या सह्या घेऊ नका.